जेवायला येतात तर येऊ द्या की

शाळेत दुपारचं जेवण मिळतं म्हणून पोरं नुसती जेवायला येतात, शिकायला नाही, असं एकाने लिहिलंय. अहो, येऊ तर द्या आधी! उपाशी पोराचं फळ्याकडे लक्षच लागत नाही, एकतर पेंगतं नाहीतर शेजारच्याच्या खोड्या काढतं. आणि घरी धाकट्यांना सांभाळायला ठेवलेली मुलगी, तिच्या एका वेळच्या जेवणाचा प्रश्न सुटतोय म्हटल्यावर तिलाही पाठवतात, हा फायदा कुणी धरतच नाही. फक्त पोट भरलं म्हणजे झालं असं नाही हां, अंगात लोह कमी असेल तर एकाग्रता तशीही जमत नाही, म्हणून ताटात डाळी-पालेभाज्या पाहिजेत. बाकी मास्तरांनाच धान्य मोजायला बसवलं की शिकवणार कोण, हा प्रॉब्लेम मात्र खरा आहे, त्याला वेगळा माणूसच हवा.