फौज सोडून घरी गेलेला शिपाई भ्याडच असतो का?

म्हादईकाठ (वाळपई)

आमच्या वाचनालयात रविवारी अमेरिकेच्या यादवी युद्धावर गप्पा रंगल्या होत्या आणि एका वयस्क गृहस्थांनी एका वाक्यात निकाल लावून टाकला, "फौज सोडून पळाला तो भ्याड, त्याला गोळीच घालायला हवी." तिथं वेळ नव्हता म्हणून इथं लिहितोय, कारण मला हे अजिबात पटलेलं नाही.

१८६१ ते १८६५ या चार वर्षांत गुलामी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं आणि देश एक ठेवायला लढणारं उत्तरेचं सरकार यांच्यात ही लढाई चालली. त्यात उत्तरेच्या फौजेतून साधारण दोन लाख आणि दक्षिणेच्या फौजेतून लाखभर माणसं पळाली असा अंदाज सांगतात. ही सगळी भ्याड? त्यातली कितीतरी आधी वर्ष दोन वर्षं गोळ्या खाऊन उभी राहिलेली होती हो.

आता त्यांचं रोजचं जगणं बघा. उत्तरेच्या साध्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर, ते पण कित्येकदा सहा सहा महिने हातात नाही. खायला खारवलेलं डुकराचं मांस आणि हार्डटॅक, म्हणजे पीठ आणि पाण्याची चौकोनी बिस्किटं, इतकी कडक की बंदुकीच्या दस्त्यानं फोडायची. किडे पडलेले असले की बिस्किट उकळत्या कॉफीत टाकायचं, किडे वर तरंगले की काढून फेकायचे आणि बाकीचं खायचं. गोळीपेक्षा जुलाब, विषमज्वर, गोवर यांनीच जास्त मेले, एकूण मृत्यूंत सुमारे दोन तृतीयांश आजारानं.

जानेवारी १८६३ मध्ये जनरल हूकरनं पोटोमॅकच्या फौजेचा, म्हणजे उत्तरेच्या पूर्वेकडच्या मुख्य फौजेचा, ताबा घेतला तेव्हा हजेरीपटावरचे ८५ हजारांच्या आसपास लोक जागेवर नव्हते. त्यानं काय केलं? थकलेला पगार दिला, आठवड्यातून चार वेळा ताजा पाव चालू केला, कांदे बटाटे दिले, आणि पाळीपाळीनं घरी जायला रजा दिली. पळणं एकदम कमी झालं. पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या, पावावर वाढलेल्या आपल्या लोकांना तरी कळायला हवं की महिनोन्महिने ती बिस्किटं चावल्यावर ताजा पाव हातात पडणं काय असतं. माझं म्हणणं एवढंच, की माणसं पगारानं, पावानं आणि रजेनं थांबली, बंदुकीच्या धाकानं नाही.

निवृत्त हवालदार (पेडणे)

भाऊ, लिहिलंय चांगलं पण एक बाजू सोडलीत तुम्ही. जो मागे राहिला त्याचं काय? रात्री पहाऱ्यावर दोघं असतात आणि एक निघून जातो, तेव्हा दुसऱ्याच्या पाठीवर कोणी नसतं. मी फौजेत आयुष्य काढलंय, भीती सगळ्यांनाच वाटते हो, भीती वाटणं गुन्हा नाही, पण शेजाऱ्याला न सांगता जागा सोडणं हा गुन्हा आहे आणि राहणार.

आणि ८५ हजार म्हणता त्यात इस्पितळात पडलेले, रजेवर गेलेले पण आले, सगळे पळालेले नव्हते. शिवाय त्याच हूकरनं कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करी खटलेसुद्धा कडक केले होते, ते तुम्ही लिहिलं नाहीत. आणि एवढं सगळं करून मे महिन्यात चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत हरलाच ना तो.

दुसरं, बाउंटी घेऊन पळणारे. भरतीच्या वेळी रोख बक्षीस मिळायचं, ते घ्यायचं, पळायचं, दुसऱ्या गावात दुसऱ्या नावानं परत भरती व्हायचं आणि परत पैसे. हा पण बिचारा भुकेलेला शिपाई का?

ऑगस्ट १८६३ मध्ये व्हर्जिनियात बेव्हर्ली फोर्डला ११८ व्या पेनसिल्व्हेनिया रेजिमेंटच्या पाच जणांना मारलं. अख्खी कोअर, म्हणजे अनेक पलटणींची मोठी तुकडी, हजारो माणसं, तीन बाजूंनी उभी केली. पाचही जण आपापल्या शवपेटीवर बसलेले, पुढ्यात खणलेले खड्डे, सोबत पाद्री आणि ज्यू रब्बाय, बँड शोकधून वाजवतोय. पाचही जणांनी राष्ट्राध्यक्ष लिंकनकडे दयेचा अर्ज केला होता आणि ज्या लिंकनच्या दयाळूपणाच्या गोष्टी आपण ऐकतो त्यानं तो फेटाळला. का फेटाळला असेल? कारण त्याला फौज चालवायची होती.

फोंड्याची शिक्षिका

हवालदारकाका, नमस्कार. तुमच्याबद्दल आदर ठेवून विचारते, ते पाच जण कोण होते? परदेशातून आलेले, दुसऱ्याच्या जागी पैसे घेऊन भरती झालेले, नीट इंग्रजीपण न येणारे. त्यांच्या जागी जायला हवे होते ते घरी बसलेले. १८६३ च्या कायद्यात सोय होती ना, ३०० डॉलर भरा आणि सुटा, नाहीतर बदली माणूस द्या. ३०० डॉलर म्हणजे शिपायाचा जवळजवळ दोन वर्षांचा पगार! पैसेवाल्यानं पैसे भरून जागा सोडली तर कायदा आणि गरिबानं पायी चालत सोडली तर शवपेटी, ही कसली शिस्त?

दक्षिणेत तर उघडच. वर्षभरासाठी भरती झालेल्यांना एप्रिल १८६२ च्या कायद्यानं जबरदस्तीनं आणखी दोन वर्षं अडकवलं, आणि ऑक्टोबरमध्ये नियम केला की ज्याच्या मळ्यावर २० किंवा जास्त गुलाम आहेत तिथला एक गोरा पुरुष सैन्यातून मोकळा. म्हणजे गुलामी टिकवायला लढाई, आणि गुलामवाला घरी. महिना ११ डॉलर पगाराचा शेतकरी शिपाई खंदकात, त्याची बायको शेत नांगरतेय, सरकारचे लोक येऊन तिचं धान्य आणि डुक्कर नेतायत. एप्रिल १८६३ मध्ये दक्षिणेची राजधानी रिचमंडमध्येच बायकांनी पावासाठी दुकानं फोडली. अशा घरातून "मुलं उपाशी आहेत, या" असं पत्र आल्यावर जो उठून चालायला लागला त्याला मी भ्याड म्हणणार नाही. बापाचं कर्तव्यपण कर्तव्यच आहे.

सत्तरीचो पूत

इतक्या लांब अमेरिकेला कशाला जाता, आपल्याकडेच बघा ना. १८९५ ला गोव्यात पोर्तुगीजांनी आपल्या फौजेतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला लढायला जायचा हुकूम दिला, शिपायांनी नाही म्हटलं, छावणी सोडून गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यात आले, नाणूसच्या किल्ल्यात ठाण मांडलं आणि सत्तरीच्या राणे घराण्यातले दादा राणे त्यांना मिळाले. पोर्तुगालच्या राजाला स्वतःच्या भावाला फौज देऊन इथं पाठवावं लागलं. पोर्तुगीजांच्या कागदात ते सगळे बंडखोर आणि फरारी, आणि आम्ही आज त्यांचा अभिमान बाळगतो. मग मिसिसिपीतल्या जोन्स काउंटीत न्यूटन नाइटनं फौज सोडली, पळालेल्यांची टोळी जमवून दक्षिणेच्याच सरकारशी लढला, त्याला कुठल्या तोंडानं पळपुटा म्हणायचं? मी त्याला सलाम करतो.

निवृत्त हवालदार (पेडणे)

बाई, ३०० डॉलरचं तुमचं बरोबर आहे, तो कायदा अन्यायाचाच होता, त्यावरून जुलै १८६३ ला न्यूयॉर्कमध्ये मोठी दंगल पेटली. पण त्या दंगलीत गर्दीनं कोणाला मारलं? रस्त्यात सापडलेल्या काळ्या लोकांना, आणि त्यांच्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला. अन्याय झाला म्हणून माणूस जे करेल ते सगळं योग्य होत नाही.

सत्तरीवाल्या भावा, नाणूसचे शिपाई परक्याच्या हुकमाला नाही म्हणून एकत्र उभे राहिले, हातात शस्त्र घेऊन. एकमेकांना सोडून नाही गेले. माझा मुद्दा पहिल्यापासून तोच आहे. सोबत्याला सोडलं की नाही एवढंच मी बघतो.

आणि खरी शिस्त काय ते ५४ व्या मॅसॅच्युसेट्सकडून शिका. उत्तरेच्या फौजेतली काळ्या शिपायांची पलटण. गोऱ्याला १३ डॉलर, यांना १० आणि त्यातले ३ कपड्याचे कापून हातात ७. त्यांनी काय केलं? अपमानाचा पगार घेणार नाही म्हणून वर्षभराहून जास्त काळ बिनपगारी राहिले, घरी बायकामुलांचे हाल झाले, पण रांग सोडली नाही, दक्षिणेच्या फोर्ट वॅग्नर किल्ल्यावर चालून गेले. शेवटी जून १८६४ ला संसदेला समान पगार द्यावा लागला.

म्हादईकाठ (वाळपई)

हवालदारसाहेब, ५४ व्या पलटणीपुढे मीपण हात जोडतो. पण त्याच पगारासाठी दुसऱ्या एका काळ्या पलटणीत काय झालं ते पण सांगायला हवं. सार्जंट विल्यम वॉकर, तिसरी साउथ कॅरोलायना, नाव दक्षिणेतल्या राज्याचं पण पलटण उत्तरेच्या फौजेतली. त्याच्या कंपनीनं नोव्हेंबर १८६३ मध्ये कर्नलच्या तंबूसमोर बंदुका रचून ठेवल्या आणि म्हटलं, कबूल केलेला पगार नाही तर काम नाही. कोणी पळालं नाही, कोणी सोबत्याला सोडलं नाही, तुमच्याच कसोटीला तो शंभर टक्के उतरतो. त्याला बंडखोर ठरवून २९ फेब्रुवारी १८६४ ला गोळ्या घातल्या, आणि चार महिन्यांत संसदेनं तोच पगार मंजूर केला. त्या शिस्तीनं काय वाचवलं सांगा मला. हे वाचल्यापासून माझा कोर्ट मार्शलच्या निकालांवर डोळे मिटून विश्वास राहिलेला नाही.

वकील, म्हापसा

मी हवालदारसाहेबांच्या बाजूनं, पण वेगळ्या कारणानं. तुम्ही सगळे एकेका माणसाचं मन बघताय, कायद्याला दोन लाख माणसं बघायची असतात. बायकोचं पत्र आलं म्हणून सोडलं आणि बक्षीस लाटायला सोडलं, हे छावणीतला अधिकारी रातोरात कसं ओळखणार? नियम ठेवायचा आणि वर माफीचा दरवाजा ठेवायचा, लिंकननं तेच केलं. मार्च १८६३ मध्ये जाहीर केलं की १ एप्रिलपर्यंत परत या, गैरहजेरीचा पगार कापण्यापलीकडे शिक्षा नाही. हजारोंच्या संख्येनं पळत असताना पळण्यासाठी प्रत्यक्षात मारलेले दीडशेच्या आसपास. यापेक्षा जास्त सवलत दिली असती तर ते युद्ध उत्तर हरली असती आणि चाळीस लाख माणसं गुलामीतच राहिली असती. हे पारड्यात टाका आणि मग बोला.

फोंड्याची शिक्षिका

वकीलसाहेब, याच हिशेबानं दक्षिणेचा जो शिपाई घरी गेला त्यानं ती गुलामी लवकर संपवायला हातभारच लावला. त्याच्या मनात तसं नसेलही, बहुतेक नव्हतंच, त्याला घरचं पीक दिसत होतं. पण १८६५ च्या सुरुवातीला व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गच्या खंदकांतून रात्री शेकडोंनी माणसं निघून जात होती आणि दक्षिणेचा सेनापती जनरल ली स्वतः वर कळवत होता. लीनं गोळ्या घालायला काही कमी केलं नव्हतं, तरी नाही थांबली माणसं. मग त्या शिपायांनी जागेवर थांबून आणखी काही महिने लढाई लांबवायला हवी होती असं तुम्ही म्हणाल का? हवालदारकाका, तुम्हीपण सांगा.

निवृत्त हवालदार (पेडणे)

बाई, सरळ उत्तर देतो. लढाई लवकर संपली हे चांगलंच झालं, दक्षिणेचं कारणच घाणेरडं होतं. पण त्या खंदकात पहाटे उठून ज्यानं शेजारची जागा रिकामी बघितली त्याच्या बाजूनं बोलणारं इथं कोणीतरी हवं, म्हणून मी बोलणार. वॉकरबद्दल मात्र भाऊशी सहमत, त्याला मारायला नको होतं, त्याच्या कर्नलनं आधीच पगाराचं भांडण वर नेऊन लढायला हवं होतं. हाताखालच्या माणसांसाठी वरच्याशी भांडणं हेसुद्धा अधिकाऱ्याच्या शिस्तीतच येतं.