पोर्ट रिकामा दिसतो, तरी जॉब सर्व्हिस उठत नाही

विंडोज सर्व्हर रीस्टार्ट झाला की रात्रीचे जॉब (ठरलेली कामं) चालवणारी सर्व्हिस उठत नाही, आणि त्यावर सगळे ‘पोर्ट बदला’ म्हणतायत, म्हणजे सर्व्हिस ज्या नंबरवर जोडण्या घेते तो. बदला, पण आधी लॉगमधला एरर नंबर बघा. १००४८ असेल तर पोर्ट खरंच कुणीतरी धरून बसलंय. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटस्टॅट -एएनओ’ चालवा, त्या पोर्टच्या ओळीत शेवटच्या रकान्यातला पीआयडी (प्रोसेसचा नंबर) टास्क मॅनेजरमध्ये शोधा. माझ्याकडे बहुतेक वेळा आपल्याच सर्व्हिसची न मेलेली जुनी प्रोसेस निघाली.

१००१३ असेल तर गंमत वेगळी. नेटस्टॅटमध्ये पोर्ट मोकळा दिसतो, कारण तो कुणी वापरतच नसतं. बहुधा विंडोजने राखून ठेवलेला असतो. हायपर-व्ही (विंडोजची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) असलेल्या मशीनवर हे मला दोनदा भोवलंय. ‘नेटश इंटरफेस आयपीव्ही४ शो एक्सक्लूडेडपोर्टरेंज टीसीपी’ दिलं की पोर्ट नंबरांचे राखीव पट्टे दिसतात. आमचा पोर्ट ५०१२० अशाच एका पट्ट्यात अडकला होता. रीस्टार्टनंतर हे पट्टे सरकू शकतात, म्हणून आज चाललं ते उद्या चालेलच असं नाही.

मुळात ५०१२० निवडला हीच आमची चूक. ४९१५२ ते ६५५३५ विंडोज तात्पुरत्या जोडण्यांसाठी वापरतं. त्याखालचा घ्या. आणि हो, फायरवॉलच्या नियमातही पोर्ट बदला. मी विसरलो आणि अर्धा दिवस भलतंच शोधत बसलो.