मेझर ए: सेल्स टॅक्स वाढवायला ‘हो’ म्हणावं का? (सांता क्लारा काउंटी, कॅलिफोर्निया, ४ नोव्हेंबर २०२५ चं मतदान)

अमोघ, सनीव्हेल

सिटिझन झाल्यावरचं माझं हे पहिलंच मतदान. मतपत्रिका टपालाने घरी आलीय. राज्याच्या प्रॉप ५० या प्रस्तावाचं ठरलंय, असेसरचंही (मालमत्तांचं मूल्य ठरवणारा काउंटीचा अधिकारी) बघून घेईन. अडलोय ते मेझर ए या काउंटीच्या प्रस्तावावर. आमच्याकडे सेल्स टॅक्स आधीच ९.१२५ टक्के, त्यावर आणखी ०.६२५. माझा इन्शुरन्स नोकरीतून आहे, काउंटीच्या हॉस्पिटलात कधी पाऊल टाकायची वेळ आलेली नाही. मग मी का द्यावं हे मत? वाद घालायचा नाही, खरंच समजून घ्यायचंय.

वैजयंती, सॅन होजे

अमोघ, मी व्हॅली मेडिकल या काउंटीच्या हॉस्पिटलजवळ, बॅस्कम अव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत राहते. तरी मलाही गेल्या दिवाळीपर्यंत असंच वाटायचं.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. चकल्या तळताना कढई कलंडली आणि उकळतं तेल त्यांच्या हातावर, मांडीवर सांडलं. जवळच्या इमर्जन्सीत नेलं, तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, हे भाजणं आमच्या आवाक्यातलं नाही, व्हॅलीच्या बर्न सेंटरला हलवतो. सासूबाई व्हिजिटर व्हिसावर, प्रवासी विमा बेताचा. व्हॅलीत पहिला प्रश्न विम्याचा नव्हता, दुखतंय किती याचा होता. ड्रेसिंग बदलताना नर्स आधी जखमेवरच्या जाळीवर पाणी सोडायची, ती भिजून सैल होईपर्यंत थांबायची, मग कडेकडेने सोडवत आणायची. घाई नाही की चिडचिड नाही. पलीकडच्या खाटेवर गिलरॉयकडचा एक शेतमजूर होता, त्याच्यासाठीही तीच नर्स, तेवढाच वेळ.

भाजल्यावर किंवा मोठा अपघात झाल्यावर ॲम्ब्युलन्स आपल्या कार्डावर कुठल्या कंपनीचं नाव आहे ते बघून वळत नाही, ती ट्रॉमा सेंटरकडे, म्हणजे गंभीर जखमींवर उपचार होतात तिथे जाते. म्हणजे ‘काउंटीचं हॉस्पिटल गरिबांचं’ हे अर्धंच खरं.

आता पैशांचं. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या केंद्राच्या कायद्याने मेडिकेडला, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याला, मोठी कात्री लावलीय. आपल्याकडे त्यालाच मेडिकॅल म्हणतात आणि काउंटीची हॉस्पिटलं प्रामुख्याने त्यावर चालतात. काउंटीच्या अंदाजाने फटका पुढे वर्षाला १०० कोटी डॉलरच्या वर जाईल. मेझर ए मधून मिळतील वर्षाला साधारण ३३ कोटी, तेही पाचच वर्षं. भोक पूर्ण बुजणार नाहीच. पण हे पैसेही नसतील तर आधी काय बंद पडतं, ते ईस्ट सॅन होजेने पाहिलंय. रीजनल हॉस्पिटल खासगी मालकीचं असताना तिथला प्रसूती विभाग २०२० मध्ये बंद झाला, पुढे ट्रॉमा सेंटरचा दर्जाही उतरवला. एप्रिल २०२५ मध्ये काउंटीने ते विकत घेतलं. ओ’कॉनर आणि गिलरॉयचं सेंट लुईझ ही दोन्ही २०१९ मध्येच घेतली होती. एवढं करून आता हात आखडायचा?

सुहास, क्युपर्टिनो

वैजयंतीताई, सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं, पण दोन शंका आहेत. हा जनरल टॅक्स आहे, पैसे सर्वसाधारण खात्यात जाणार. हॉस्पिटललाच मिळतील असं कायद्यात बांधलेलं नाही. आणि सेल्स टॅक्स गरिबालाच जास्त टोचतो.

वैजयंती, सॅन होजे

सुहासजी, दोन्ही शंका रास्त आहेत. बांधून दिलेल्या कराला दोन तृतीयांश मतं लागतात, जनरलला निम्म्याहून एक जास्त पुरते, म्हणून हा रस्ता धरलाय. मग सुपरव्हायझरांवर, म्हणजे काउंटीचा कारभार बघणाऱ्या निवडून दिलेल्या सदस्यांवर, लक्ष ठेवणं आपल्याकडे येतं. पाच जण आहेत, बजेटच्या वेळी तिथे जाऊन बोलता येतं. मी जाणार आहे.

टोचण्याचं म्हणाल, तर इन्कम टॅक्स लावायची काउंटीला मुभाच नाही आणि मालमत्ता कराला १९७८ च्या प्रॉप १३ ने एक टक्क्याची वेसण घातलीय. हातात उरतो सेल्स टॅक्स. इंडियन ग्रोसरीची पावती एकदा नीट बघा: तूरडाळ, कणीक, दूध, भाजी, कशावरच टॅक्स नाही. लागतो तो गरम समोशावर आणि भांड्यांच्या साबणावर. औषधाच्या चिठ्ठीवरची औषधं, घरभाडं यांनाही नाही. शंभर डॉलरच्या करपात्र खरेदीवर साडेबासष्ट सेंट जास्त. ४० हजारांची गाडी घेतलीत तर २५० डॉलर, आणि तेवढे मी आनंदाने देईन. खरं टोचणं मेडिकॅलवरच्या माणसाला दवाखाना बंद झाल्यावर होणार आहे.

मृण्मयी, मिलपिटास

आम्ही ग्रीन कार्डवाले, मत नाही. आमचा काही उपयोग?

वैजयंती, सॅन होजे

खूप आहे! मत देता येत नाही, पण शेजाऱ्यांशी बोलायला कुणाची आडकाठी नाही. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत मतपत्रिका अजून जाहिरातींच्या गठ्ठ्यात पडलीय. प्रत्येकाला एवढंच विचारा, ‘उघडलंत का पाकीट?’ अशा मधल्याच निवडणुकीला लोक कमी मत देतात, म्हणून एकेक पाकीट मोलाचं आहे.

अमोघ, तुमच्यासाठी: पाकिटावर बाहेरून सही आणि तारीख घाला, सही राहिली तर मत अडकतं. टपालाला तिकीट लागत नाही, फक्त ४ तारखेपर्यंतचा शिक्का हवा. ड्रॉप बॉक्समध्ये टाकणार असाल तर ४ तारखेच्या रात्री आठच्या आत.

अमोघ, सनीव्हेल

कळलं ताई. ‘हो’ भरतोय. समोरच्या काकांची मतपत्रिकाही पडून आहे, संध्याकाळी त्यांच्याकडे जातो.