दहावीनंतरच्या सुट्टीत अकरावीच्या भौतिकशास्त्राची तयारी कशी करून घ्यावी?

प्रश्न : पालक, जुळे सोलापूर

नमस्कार. माझ्या मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली आहे. निकाल, प्रवेशप्रक्रिया आणि कनिष्ठ महाविद्यालय प्रत्यक्ष सुरू होणे, यांत अजून बराच अवधी आहे. तिचे शिक्षण सेमी-इंग्रजीतून झाले असून विज्ञान शाखा घेऊन पुढे अभियांत्रिकीकडे जाण्याचा तिचा विचार आहे. दहावीत चांगले गुण मिळवणारी मुलेही अकरावीच्या भौतिकशास्त्रात पहिल्याच चाचणीला अडखळतात, असे ओळखीतल्या अनेकांकडून ऐकले. एका क्लासने सुट्टीतच पहिले पाच धडे पूर्ण करून देण्याची तयारी दाखवली आहे. मी स्वतः वाणिज्य शाखेचा असल्यामुळे या गोष्टीचा अंदाज मला येत नाही. धडे असे आधी उरकून घेण्याचा खरोखर उपयोग होतो का, की हा वेळ दुसऱ्या कशाला द्यावा? आपल्याकडच्या उन्हात दुपारी तिला बाहेर पाठवणे शक्य नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ मिळून दोन-तीन तास धरावेत.

उत्तर १ : निवृत्त शिक्षक (कनिष्ठ महाविद्यालय), सात रस्ता

धडे उरकून घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मुले अडखळतात ती बहुतेक वेळा भौतिकशास्त्रात नव्हे, तर त्याला लागणाऱ्या गणितात. राज्य मंडळाच्या २०१९ साली आलेल्या अकरावीच्या पुस्तकात चौदा धडे आहेत आणि त्यांतला दुसराच धडा सदिश (दिशा असलेल्या राशी, व्हेक्टर), विकलन (बदलाचा दर काढणे, डिफरन्सिएशन) आणि संकलन (लहान भागांची बेरीज, इंटिग्रेशन) यांची ओळख करून देतो. त्याच वर्षीच्या गणिताच्या पुस्तकात मात्र विकलन दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटच्या प्रकरणात येते आणि संकलन तर बारावीत. म्हणजे गणिताचे शिक्षक जिथे फेब्रुवारीत पोहोचणार, तिथे भौतिकशास्त्राचे शिक्षक जुलैतच उभे असतात. ही दरी सुट्टीत भरून काढली, तर प्रतलातील गती आणि गतीचे नियम हे पुढचे दोन धडे वर्गात ऐकतानाच समजू लागतात.

सुरुवात त्रिकोणमितीपासून करावी. उतारावर ठेवलेल्या वस्तूच्या वजनाचे दोन घटक पाडताना कोणत्या घटकाला साइन आणि कोणत्या घटकाला कोसाइन लावायचे, यात मुले वर्षभर चुकतात, कारण त्यांनी ते पाठ केलेले असते. उतार सपाट केला, म्हणजे कोन शून्य केला, तर वस्तू घसरणार नाही; म्हणून उताराच्या दिशेचा घटक तिथे शून्य झाला पाहिजे आणि शून्य अंशाला शून्य होते ते साइन, एवढा विचार स्वतः करता आला की पाठांतराची गरज उरत नाही. त्यानंतर आलेख घ्यावेत. वेग-काल आलेखाचा चढ म्हणजे त्वरण आणि त्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, हे आलेखाच्या कागदावर स्वतः चौकोन मोजून पाहिले, तर विकलन आणि संकलन यांची भीती निम्मी तिथेच जाते.

उत्तर २ : अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अशोक चौक

काका, सरांच्या म्हणण्याला माझा दुजोरा आहे. फक्त क्लासच्या बाबतीत एक गोष्ट आधी विचारून घ्या. ते पाच धडे कोणत्या पुस्तकाचे आहेत? राज्य मंडळ आणि एनसीईआरटी (सीबीएसईच्या शाळांत चालणारी राष्ट्रीय पुस्तके) यांची विभागणी वेगळी आहे. दोलने, ऊष्मागतिकी आणि घूर्णन गती हे विषय एनसीईआरटीत अकरावीला, तर आपल्या मंडळात बारावीला आहेत. उलट स्थिरविद्युत, विद्युतधारा, प्रकाशशास्त्र आणि अर्धसंवाहक आपल्याकडे अकरावीपासूनच सुरू होतात. आयआयटी-एनआयटीसाठीच्या जेईई या प्रवेशपरीक्षेला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, तर राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशाच्या एमएचटी-सीईटीत अकरावीचा भाग सुमारे वीस टक्के आणि बारावीचा ऐंशी टक्के असतो. ध्येय कोणते हे ठरण्याआधीच घाईने पैसे भरले, तर मुलगी महाविद्यालयात एक आणि क्लासमध्ये दुसरेच शिकत राहते. दोन्ही पुस्तके संकेतस्थळांवरून मोफत उतरवून घेता येतात. अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर वाणिज्य शाखेच्या माणसालाही हा फरक कळेल.

उत्तर ३ : माध्यमिक विज्ञान शिक्षिका, विजापूर रोड

वरच्या दोन्ही उत्तरांत मोजमाप राहून गेले आहे आणि पुस्तकाचा पहिला धडा तर त्याचाच आहे. घरी लंबक करावा. बारीक दोऱ्याला जड नट बांधून, टांगलेल्या बिंदूपासून नटच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर लांबी ठेवावी आणि दोन्ही बाजूंना थोडासाच झोका द्यावा. एका आवर्तनाला, म्हणजे एकदा जाऊन परत येण्याला, दोन सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो; हाच आवर्तकाल. यावरून गुरुत्व त्वरण काढण्याचे सूत्र : ४π² गुणिले लांबी भागिले आवर्तकालाचा वर्ग. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर बोट दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली, तर एकाच आवर्तनाच्या वेळेत ती दहा टक्के होते आणि सूत्रात वेळेचा वर्ग असल्यामुळे गुरुत्व त्वरणाच्या किमतीत सुमारे वीस टक्के. तीच चूक वीस आवर्तनांच्या एकूण चाळीस सेकंदांत झाली, तर वेळेत अर्धा टक्का आणि उत्तरात एक टक्का उरते. सूत्राची सिद्धता बारावीत येते, पण ते वापरायला आताही काहीच हरकत नाही. चुकांचा हा हिशोब जिने हाताने एकदा केला, तिला त्या धड्यातले त्रुटीचे नियम वेगळे शिकवावे लागत नाहीत.

दुसरा प्रयोग आपल्या उन्हाचाच आहे. गच्चीवर ओळंब्याने सरळ उभी केलेली एक मीटरची काठी ठेवून भर दुपारची सर्वांत आखूड सावली दर आठवड्याला मोजावी. यासाठी पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही, त्यामुळे डोक्यावर टोपी घालून हे जमते. सोलापूरचे रेखांश सुमारे ७६ अंश पूर्व आणि आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, म्हणून सूर्य सर्वांत उंच बारा वाजता नव्हे, तर साडेबाराच्या आसपास येतो. एप्रिलच्या आरंभी ही सावली २३-२४ सेंटीमीटर भरते, पुढे घटत जाते आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या शून्य सावलीच्या दिवशी, नाहीशी होते. सावली भागिले काठीची उंची म्हणजे सूर्य डोक्यावरून जितका कललेला असतो त्या कोनाचे टॅन, त्यावरून कोन आणि कोनांचा आलेख : सरांनी सांगितलेली त्रिकोणमिती इथे वापरात येते.

प्रश्नकर्ता पालक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. क्लासला सध्या नाही म्हणून कळवतो. एक शंका राहिली. मुलीने काल लंबकाची आकडेमोड मोबाईलवर केली आणि उत्तर ९.८ च्या जवळ आले. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालतो का?

उत्तर १ : निवृत्त शिक्षक, सात रस्ता

मंडळाच्या परीक्षेत चालत नाही. तिथे लॉग टेबल (गुणाकार-भागाकार बेरीज-वजाबाकीने करून देणारे तयार कोष्टक) वापरावे लागते, आणि सुट्टीत शिकण्याजोगी ही आणखी एक गोष्ट आहे, कारण वर्गात तिच्यासाठी एखादा तास मिळाला तरी पुष्कळ झाले. मुलीला तीच आकडेमोड लॉगने पुन्हा करायला सांगावी. लांबी एक मीटर आणि आवर्तकाल २.००९ सेकंद धरला, तर सूत्रातील ४π² म्हणजे ३९.४८ याचा लॉग १.५९६४, २.००९ चा लॉग ०.३०३०, त्याची दुप्पट ०.६०६०, वजाबाकी ०.९९०४ आणि त्याचा अँटिलॉग, म्हणजे त्या लॉगची मूळ संख्या, ९.७८. ऋण लॉगसाठी, म्हणजे एकापेक्षा लहान संख्यांसाठी, पूर्णांकावर जो बार (आडवी रेघ) लिहितात तिथे सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून ०.०२३ किंवा ०.०००४५ यांसारख्या संख्यांचा सराव जास्त करून घ्यावा. लांबी सेंटीमीटरऐवजी मीटरमध्ये लिहिण्याची सवय याच वेळी लागली तर उत्तमच. तपासनीस एककावाचून उत्तराला पूर्ण गुण देत नाहीत.