फायनलमध्ये हरणारा बिल पोलियन: मोठा मॅनेजर की मॅनिंगच्या जिवावर मोठा?

गोदाकाठ_८१
काल इथे एकाने लिहिलं: "पोलियनला 2015 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते कशासाठी? पंचवीस वर्षांत एकच सुपर बोल, तोही पेटन मॅनिंगने जिंकून दिलेला." हे वाचून रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय. नवख्यांसाठी: पोलियन म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला जनरल मॅनेजर, खेळाडू निवडून टीम बांधणारा. सुपर बोल ही त्या लीगची फायनल. मॅनिंग त्याच्या इंडियानापोलिस टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा.

1984 आणि 1985, दोन्ही वर्षं बफेलोची टीम 2-14, म्हणजे दोन जिंकले, चौदा हरले. मग हा जनरल मॅनेजर झाला आणि जानेवारी 1991 मध्ये तीच टीम सुपर बोल खेळत होती. जायंट्सकडून 20-19 ने हरली, कारण बफेलोच्या नॉरवूडची 47 यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली. ती किक काय मॅनेजरने मारायची होती? पुढे कॅरोलिना, नवीकोरी टीम. 1995 ला पहिला सीझन, 1996 ला 12-4 आणि थेट एनएफसीची, म्हणजे लीगच्या अर्ध्या गटाची फायनल, सुपर बोलच्या एक पायरी आधी. मग इंडियानापोलिस: 1998 ला 3-13, 1999 ला 13-3. तीन गावांत तीन वेळा पडकं घर उभं केलं. एवढं करूनही मोजायच्या फक्त ट्रॉफ्या?

सिडको_मावळा
पोस्ट माझीच होती, नाव घेऊन बोला.

बफेलोचे आंद्रे रीड, ब्रूस स्मिथ 1985 च्या ड्राफ्टमधले (ड्राफ्ट म्हणजे टीमांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडणं). केली 1983 चा. इंडियानापोलिसचा मार्विन हॅरिसन 1996 चा. हे सगळे पोलियनच्या हातात सत्ता यायच्या आधी घेतलेले. ड्राफ्टमध्ये पहिला नंबर हातात असताना मॅनिंग कुणीही घेतला असता. आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या फॉकला 1999 ला रॅम्स टीमला देऊन टाकलं, त्याच सीझनला रॅम्स चॅम्पियन. हे सोयीने विसरता. चार फायनल हरलेला माणूस तुम्हाला देव वाटतो, मला नाही.

गोदाकाठ_८१
बफेलोत चार नाही, तीन. चौथीच्या वेळी तो तिथे नव्हता. डॅलसकडून 52-17 हरल्यावर त्याला काढलं होतं. जानेवारी 1994 ला जी टीम पुन्हा फायनलला गेली ती त्याने बांधलेली होती, पण मॅनेजर दुसरा.

"कुणीही मॅनिंग घेतला असता" हे आज म्हणणं सोपं आहे. तेव्हा रायन लीफ की मॅनिंग यावर महिनोन्‌महिने वाद चालला होता. लीफ दुसऱ्या नंबरला सॅन डिएगोला गेला. अख्ख्या करिअरमध्ये गुण देणारे टचडाउन 14, आणि चेंडू विरोधकाच्या हातात गेलेले इंटरसेप्शन 36. फॉक गेला हे खरं, पण त्याच्या जागी आणलेला एजरिन जेम्स 1999 आणि 2000, दोन्ही वर्षं धावण्यात लीगमध्ये पहिला.

निफाडची_सून
माझे मिस्टर पहाटे पाचला उठून सुपर बोल बघतात म्हणून मला हे सगळं माहीत. मला यात आमची द्राक्षबाग दिसते. खुंट लावला सासऱ्यांनी, डोगरीज जातीचा. कलम भरलं दिरांनी. माल निघाला तेव्हा सासरे नव्हते, गावात वाहवा झाली दिरांची. आम्ही मात्र दर हंगामाला पहिली पेटी सासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवतो. मॅनेजरचं काम खुंट लावणाऱ्याचं.

नाना_पिंपळगाव
ताई, मनाला लावून घेऊ नका, पण खुंटाने माल येत नाही. घड तयार होतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, काडीत. मे-जूनला ढगाळ राहिलं की घड जिरतो, आणि ते कळतं कधी? थेट ऑक्टोबरला, गोडी छाटणी केल्यावर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा फुटतो तेव्हा. खुंट कितीही चांगला असो, एप्रिलमध्ये बागेत कोण उभं होतं ते बघावं लागतं.

निफाडची_सून
नाना, एप्रिलमध्ये बागेत मीच उभी असते. कात्री धरून हाताला फोड येतात. मला छाटणी शिकवू नका.

नाना_पिंपळगाव
शिकवत नाही. माझं दुःख वेगळं आहे. खुंट, छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी सगळं नीट केलं. व्यापारी माल तोडून घेऊन गेला, चेक वटला नाही, आता फोन बंद. सांगा, चांगली बाग उभी केल्याचं श्रेय घेऊन मी काय करू? निकालच हातात पडला नाही.

ओझर_विमानतळ
नाना, आमच्या मामांचंही तेच झालं, सव्वा एकर. व्यापाऱ्याची नोंदणी बघितल्याशिवाय माल तोडू देऊ नका असं गावात ओरडून सांगतो, कुणी ऐकत नाही. दोन रुपये जास्त दिसले की गाडी बागेत.

सिडको_मावळा
हा धागा फुटबॉलचा आहे. द्राक्षांचा वेगळा काढा.

निफाडची_सून
तुम्हाला ज्यात पोट भरतं ते छोटं वाटत असेल तर तसं सांगा.

सिडको_मावळा
ताई, तसं म्हणालो नाही. माझे वडील दिंडोरीचे, अर्धं बालपण बागेत गेलं. चुकलं असेल तर माफ करा.

इंडीहून_परत
मी तेव्हा इंडियानापोलिसला प्रोजेक्टवर होतो. डिसेंबर 2009, आम्ही 14-0. जेट्सविरुद्ध 15-10 पुढे असताना मॅनिंगला बाहेर बसवला. शेजारच्या सीटवर एक आजोबा, निळी टोपी, मांडीवर नातू. त्यांनी टोपी काढून पायाशी ठेवली आणि सामना संपेपर्यंत परत घातली नाही. अख्खं स्टेडियम आपल्याच टीमवर ओरडत होतं. हरलो 29-15. पुढे फायनलला सेंट्सकडूनही हरलो. खेळाडू ताजे ठेवायचे हे पोलियनचंच धोरण होतं. त्या आजोबांचा चेहरा आठवला की मी त्याला माफ करू शकत नाही.

गोदाकाठ_८१
यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो निर्णय मलाही आजवर पटलेला नाही.

पण 2007 ची फायनल मॅनिंगने एकट्याने जिंकली हे मान्य नाही. मायामीत धो धो पाऊस, चेंडू हातात टिकत नव्हता. शिकागोला 29-17 हरवलं ते चेंडू घेऊन धावून. डॉमिनिक ऱ्होड्स 113 यार्ड, आणि त्याला 2001 च्या ड्राफ्टमध्ये कुणीच विचारलं नव्हतं. जेफ सॅटर्डेलाही कुणी घेतलं नव्हतं, तो इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात काम करत होता. रॉबर्ट मॅथिस पाचव्या फेरीतला. पारख म्हणतात ती हीच.

सिडको_मावळा
मग 2011 सांगा. मॅनिंगच्या मानेचं दुखणं झालं आणि टीम सुरुवातीचे तेराही सामने हरली, 0-13. एवढी वर्षं एका माणसाच्या मानेवर संसार आणि पर्यायी क्वार्टरबॅक म्हणून कर्टिस पेंटर? शेवटी निवृत्त झालेल्या केरी कॉलिन्सला घरून बोलावून आणलं. बागेत एकच वेल ठेवला तर दुसरं काय होणार. बघा, मीपण द्राक्षांवर आलो.

गोदाकाठ_८१
2011 ची चूक त्याचीच. दुसरा क्वार्टरबॅक तयार करायला तेरा वर्षं होती, केला नाही. नोकरी गेली ते योग्य झालं.

सिडको_मावळा
मॅथिस आणि सॅटर्डेचं मी मानतो. ऱ्होड्सला ड्राफ्टमध्ये घेतलं नव्हतं हे मला ठाऊक नव्हतं. "मॅनिंगने जिंकून दिलेला" हे वाक्य पोस्टमधून काढतो. हॉल ऑफ फेमबद्दल मत तेच.

नाना_पिंपळगाव
ओझरवाले भाऊ, व्यापाऱ्याची नोंदणी कुठे बघायची ते मला मेसेज करा. या वर्षी माल देण्याआधी बघतो.