शिकाऊ असलात तरी नोंद ठेवा

कामाच्या ठिकाणी छळ झाला, तरी इंटर्न किंवा ट्रेनी हा कर्मचारी नसतो, म्हणून त्याच्या तक्रारीला अर्थ नाही, असं काही जण म्हणतात. हे पटत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा कामावरची हिंसा आणि छळ यांविरुद्धचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार शिकाऊ, इंटर्न, स्वयंसेवक, इतकंच काय नोकरीसाठी अर्ज केलेल्यांनाही संरक्षण देतो. कामानिमित्तचा प्रवास आणि फोनवरचे मेसेजही त्यात येतात. (अर्थात, मान्यता दिलेल्या देशांनाच तो बंधनकारक आहे.)

खरी अडचण येते पुराव्याची. "साहेब नेहमी घाणेरडं बोलतात" एवढंच लिहिलं तर चौकशीत ते टिकत नाही. त्याच दिवशी लिहा: तारीख, वेळ, जागा, जसेच्या तसे शब्द, समोर कोण होतं, तुम्ही काय उत्तर दिलंत. शिव्याही गाळू नका. "अपशब्द वापरले" यातून काहीच कळत नाही. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. मूळ चॅट डिलीट करू नका, कारण नुसत्या चित्रावर शंका घेता येते. आणि यातलं काहीही फक्त ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका. नोकरी गेली की लॉगिनही जातं.

तक्रार लेखीच द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलंच असेल तर लगेच "आज आपलं असं असं बोलणं झालं" असा मेल टाका. तक्रार देण्याची मुदत आधी बघा. अनेक ठिकाणी ती काही महिन्यांचीच असते, आणि नवी मुलं प्रोबेशन संपायची वाट बघत ती घालवतात. मारहाण झाली असेल तर मात्र आधी डॉक्टरकडे जा, जखमांची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे.