भोसरीत हेम्प सीड ऑइलचं युनिट : वकील आधी की फूड लायसन्स?

उत्तराखंडहून भांगेच्या बिया आणून तेल काढायचंय. एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात, अडकू का?

उत्तर १
१९८५च्या या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोऱ्याचा शेंडा. बिया आणि पानं सोबत शेंडा नसेल तरच वगळलीयेत. गोची तिथेच आहे. बीत टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) जवळजवळ नसतं, पण बीला चिकटलेल्या फुलोऱ्याच्या टरफलांना ते असलेली राळ, म्हणजे चिकट द्रव, असते. चाळणी नीट झाली नाही की लॅबचा रिपोर्ट बिघडतो. एफएसएसएआय या केंद्रीय अन्न नियामकाच्या २०२१च्या नियमानुसार टीएचसीची मर्यादा बियांना किलोमागे ५ मिलिग्रॅम, तेलाला १०. त्यामुळे पुरवठादाराच्या करारात 'प्रत्येक बॅचला एनएबीएल (सरकारमान्य) लॅबचा रिपोर्ट, नापास झाल्यास माल परत' हे कलम हवंच. त्याच्या लागवड परवान्याची प्रत ट्रकसोबत ठेवा, फाइलमध्ये नको. नाक्यावर फाइल नसते.

उत्तर २
लेबलवर भांगेच्या पानाचं चित्र टाकू नका. डिझायनर हमखास टाकतो! नशेचा सूचक शब्दही चालत नाही. बिया विकणार असाल तर त्या न उगवणाऱ्या हव्यात.

उत्तर ३
पानांच्या नादी लागू नका. एनडीपीएसमधून सुटलात तरी राज्याचा दारूबंदी कायदा भांगेला धरतो. 'विजया' (भांगेचं आयुर्वेदिक नाव) तेल हे वेगळंच प्रकरण, त्याला आयुष, म्हणजे आयुर्वेदिक औषधाचं, लायसन्स लागतं.

वकील दोन लागतील: करार-लेबलला फूड लॉवाला, आणि माल अडकला तर फोन उचलणारा फौजदारी. पहिला आत्ताच गाठा, फॉर्म भरायच्या आधी.

प्रश्नकर्ता
चाळणीचं डोक्यातच नव्हतं. आभार.